पोचल्याचा निरोप

१

बिभीषणरावांचा देवापेक्षा वेळापत्रकावर जास्त विश्वास. बत्तीस वर्षं एस.टी.त काढलेली, त्यातली शेवटची एकोणीस मध्यवर्ती बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून. जाळीच्या खिडकीमागं बसायचं, समोर माईक, हाताशी रजिस्टर, आणि कुणी काही विचारलं की मान वर न करता सांगायचं: जालना साठ किलोमीटर, दीड तास. पुणे दोनशे पस्तीस, साडेपाच तास, रस्त्याच्या मर्जीवर सहा. रिटायर झाले तेव्हा माईक गेला, रजिस्टर गेलं, पण आकडे काही गेले नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

त्या आकड्यांना पुढं नवीन खाद्य मिळालं. एकुलती एक लेक प्रांजली वाळूजच्या एका कंपनीत इंजिनिअर होती. पॅकिंगची यंत्रं बनवणारी कंपनी. कंपनीनं पोरीला दोन वर्षांसाठी व्हिएन्नाला धाडलं. तिथून ती महिन्यातून दोन-तीनदा विमानानं कुठल्या ना कुठल्या शहरात यंत्र बसवायला जायची. हडको वसाहतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बिभीषणरावांनी शंभर पानी वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले. व्हिएन्ना–प्राग, अडीचशे किलोमीटर, पाऊण तास. व्हिएन्ना–रोम, पावणेआठशे, दीड तास. व्हिएन्ना–माद्रिद, अठराशे, तीन तास. शेवटचा रकाना आगमनाचा. पोरीचा ‘पोचले’ असा मेसेज आला की त्यात घड्याळ बघून वेळ लिहायची, तोवर तो कोरा.

बायकोचं, बानाबाईंचं, रजिस्टर वेगळं होतं. त्यांचं माहेर फुलंब्रीकडचं, मेंढरांवर जगलेलं. बाप-भाऊ चार-चार महिने कळप घेऊन बाहेर असायचे, आणि त्यांचा निरोप येईस्तोवर मागं घरात केरसुणी फिरत नसे. प्रांजली विमानात बसली की बानाबाई केरसुणी दाराआड उभी करत आणि तिच्याकडं बघतसुद्धा नसत. भाकरीचा चुरा पडो, शेंगांची टरफलं पडोत, केर तसाच.

“चाळीस हजार फुटांवरलं विमान तुझ्या केरसुणीला भितं व्हय?” बिभीषणराव चिडवत. “मग तिथं पायलट कशाला ठेवलाय, फुकट पगार खायला?”

“हसा. माणूस वाटंवर असताना मागं घर झाडत नसत्यात. ते फक्त मयत उचलल्यावर करत्यात.”

“पोरीला सांगू का तुझं हे शास्त्र?”

“खबरदार! जाणाऱ्याला सांगायचं नसतं.”

त्यामुळं प्रांजलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती तिकडून उतरल्यावर ‘पोचले’ लिहायची, इकडं बाप वहीत वेळ मांडायचा आणि आई पदर खोचून झाडायला घ्यायची. गेलं वर्षभर हे असंच सुरळीत चाललं होतं.

२

सप्टेंबरातला मंगळवार होता. व्हिएन्ना–लिस्बन, तेवीसशे किलोमीटर, तीन तास चाळीस मिनिटं. पोरीच्या तिकडच्या प्रवासांतला सगळ्यात लांबचा. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे दीड. बरोबर दीडला मेसेज आला: ‘बसले. फोन बंद करतेय.’ बिभीषणरावांनी वहीत निघण्याची वेळ लिहिली आणि मनात पाच वाजून दहा मिनिटं पक्की केली.

जेवणं झाली. बाहेर भंगारवाला “लोखंड, भंगार, पेपर” करत गल्लीतून जात होता. वरचा पंखा दर फेऱ्याला एकदा टक् वाजे. तो नीट करायचं गेल्या उन्हाळ्यापासून राहूनच गेलं होतं.

दोन चाळीसला फोन वाजला. ‘पोचले.’

“आली बाई,” म्हणत बानाबाईंनी पदर खोचला आणि केरसुणी उचलली.

बिभीषणराव फोनकडं बघत राहिले. एक तास दहा मिनिटं. तेवीसशे भागिले... ताशी दोन हजार. एवढ्या वेगानं लढाऊ विमान जात असेल, प्रवासी विमान जात नाही. त्यांनी स्वतःलाच समजावलं, की हल्ली विमानातही इंटरनेट मिळतं म्हणे. पोरीनं आधीच लिहून ठेवलं असेल आणि ते चुकून सुटलं असेल. पोरीनंच त्यांना विमानं दाखवणारा नकाशा फोनमध्ये घालून दिला होता. तो उघडला. पिवळं इवलंसं विमान इटलीच्या किनाऱ्यावर होतं, जिथं जमीन संपून निळं पाणी लागतं, तिथं.

“थांब जरा.”

“आता काहून थांबू? आला ना निरोप?”

“निरोप आला. गाडी नाय आली.”

बानाबाई केरसुणी हातात धरून उभ्याच राहिल्या. तेवढ्यात दुसरा मेसेज आला. बिभीषणरावांनी तो एकदा मनात वाचला, मग मोठ्यानं.

‘घर झाडलं का?’

“तू सांगितलंस तिला?”

“भिवोबाशपथ नाय,” बानाबाई म्हणाल्या. आपल्या हातात इंगळी आहे असं वाटून त्यांनी केरसुणी सोडली. ती फरशीवर पडली, आणि बिभीषणरावांनी पायानंच ती पुन्हा दाराआड सरकवली.

३

तीन वाजता फोन आला. नाव प्रांजलीचं, फोटो प्रांजलीचा, वाळूजच्या गेटसमोर काढलेला.

“पप्पा, पोचले.”

आवाज तिचाच. सर्दी झाली की जरा घोगरा होतो तसा. बिभीषणरावांच्या छातीवरचा दगड क्षणभर उतरलाही. माणसाला स्वतःचं गणित चुकलं तरी चालतं, पोर सुखरूप असली की झालं. पण कान मात्र एकोणीस वर्षं स्थानकावर मुरलेले होते. फोनवर कोण कुठल्या फलाटावरून बोलतंय हे त्यांना नुसत्या गलक्यावरून कळायचं. ते ऐकू लागले.

विमानतळाचा गलका नव्हता. घोषणा नव्हती, चाकाच्या बॅगा नव्हत्या, परक्या भाषेतलं कुणाचं बोलणं नव्हतं. लांबून भंगारवाल्याची हाळी ऐकू येत होती, “लोखंड, भंगार.” आणि तिच्या आवाजामागं काहीतरी सावकाश फिरत होतं. एका फेऱ्याला एकदा टक्.

त्यांनी मान वर करून आपल्या पंख्याकडं पाहिलं. मग उठून बटण बंद केलं. पंखा थांबला. फोनमधला टक्सुद्धा थांबला.

माझाच आवाज माझ्याच फोनातून मला परत येत असेल, त्यांनी मनाला बजावलं. होतं असं. पूर्वी डेपोच्या फोनला व्हायचं.

“किती वेळ लागला गं बाळा?” त्यांनी विचारलं.

“वेळ कशाचा पप्पा? तुम्ही झाडलं की लगेच.”

“कुठं हायेस तू?”

ती थोडी थांबली. उत्तर शोधायला थांबतात तशी नव्हे. किती सांगावं याचा अंदाज घेत थांबावं तशी.

“जवळच,” ती म्हणाली. “आईला सांगा ना, नुसता एक हात फिरव. सगळीकडं नको. दारापासचं तेवढं.”

बिभीषणरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ संताप आला. भीती आणि संताप यांतलं काय आधी येतं यावर माणसाची जात ठरते म्हणतात. त्यांचा संताप नेहमी एकच पाऊल मागं असायचा आणि लगेच पुढं जायचा.

“ऐक,” ते म्हणाले, “पाच दहाची गाडी हाय. वेळेआधी आलेली गाडी मी फलाटाला लावून घेत नसतो.” आणि त्यांनी फोन कट केला.

नकाशा उघडला. पिवळं विमान मघाच्याच जागी होतं. इटलीच्या किनाऱ्यावर, बोटभरसुद्धा पुढं सरकलेलं नव्हतं. वीस मिनिटं झाली होती.

४

साडेतीनच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या गीताबाईंनी जिन्यातून हाक मारली. गीताबाईंचा आवाज म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा लाऊडस्पीकर.

“ओ काकू! प्रांजली कधी आली? सांगितलं बी नाय!”

बानाबाई ताडकन उठल्या. “काय म्हणलीस?”

“बसलीय की जिन्यात, बॅग घेऊन. मी म्हणलं वर जा, तर बोलंना बी अन् बघंना बी. भांडण झालं काय घरी?”

मग गीताबाईंचं दार लागल्याचा आवाज आला आणि जिन्यात शांतता झाली. भर दुपार होती, खिडकीतून ऊन फरशीवर पसरलेलं होतं. थोड्या वेळानं बॅगेची चाकं वाजली. एका पायरीवर खट्. मग थांबून पुढच्या पायरीवर खट्.

बानाबाई दाराकडं धावल्या. बिभीषणराव आडवे उभे राहिले.

“सरका. माझी लेक दारात हाय.”

“तुझी लेक विमानात हाय.”

“तुमचं ते पिवळं चिलट हललं का तरी? तास झाला एका जागी हाय! काय झालं असंल तिथं? इथं आलीय तर येऊ द्या की!”

हे मात्र बिभीषणरावांच्या वर्मी लागलं. कारण तीच गोष्ट त्यांच्याही मनात होती, फक्त त्यांनी ती उच्चारली नव्हती. विमान थांबलं होतं. आकाशात विमान थांबत नसतं. समुद्रावर सिग्नल मिळत नसेल, असं ते दहा वेळा स्वतःला म्हणाले होते. पण जिन्यात खट् वाजलं की नकाशावरचं ते विमान त्यांना आणखी निश्चल वाटे. एक जितकी जवळ येत होती तितकी दुसरी तिथं अडकत होती. आणि मधे उभी होती ती फक्त त्यांच्या घरातली न झाडलेली फरशी, दुपारच्या भाकरीचा चुरा आणि चार टरफलं.

“बाना,” ते म्हणाले, “आयुष्यभर तुझ्या या गोष्टीला मी हसलो. आज तुझ्या पाया पडतो. पाच दहापर्यंत झाडू नको, अन् दार उघडू नको. एक गाडी दोन फलाटांना लागत नसती.”

बानाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नवऱ्याच्या तोंडून असं त्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होत्या.

खट्. शेवटची पायरी. आणि दारापाशी बॅग टेकल्याचा आवाज आला.

५

“आई.”

बानाबाईंनी तोंडात पदर कोंबला. मग तो काढला आणि दाराला अगदी गाल लावून विचारलं, “जेवलीस का गं माय?”

“झाडलं की जेवीन.”

बानाबाई दारापासून मागं सरल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण जबडा घट्ट होता. “माझी लेक नाय ही,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “भुकेच्या वख्ताला माझी लेक कुणासाठी थांबत नाय. तव्यावरली भाकर परातीत पडायच्या आधी उचलायची.”

तेवढ्यात बाहेर खरखर सुरू झाली. वाळल्या काड्या फरशीवर घासल्यासारखी. खरर. खरर. कुणीतरी जिन्याच्या तोंडापासून दाराकडं झाडत येत होतं.

दाराला बारीक भिंग होतं. बघू नये असं वाटत असताना बिभीषणरावांनी डोळा लावला. ती वाकलेली होती, दाराकडं पाठ करून. वेणी प्रांजलीची, पाठीवर रुळणारी. निळा कुर्ताही तिचाच, दिवाळीत घेतलेला. हातात काहीच नव्हतं. ती नुसत्या तळव्यानं झाडत होती, आणि आवाज मात्र केरसुणीचा येत होता.

चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

पुढं जे केलं ते बिभीषणरावांनी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. रागाच्या भरात माणूस हाताला लागेल ते फेकतो. त्यांच्या हाताला खिडकीतली तुळशीची कुंडी लागली. लाकडी दार उघडलं, बाहेरच्या लोखंडी जाळीचं कुलूप तसंच ठेवलं, आणि मूठभर माती जाळीतून सरळ तिच्या पुढ्यात भिरकावली.

“घे! झाड किती झाडतीस!”

खरखर थबकली. मग ती पुन्हा मागं जिन्याच्या तोंडापाशी गेली आणि झाडणं तिथून पहिल्यापासून सुरू झालं. चिकाटीनं, एक कण न सोडता. दारापर्यंत यायला तिला तीन मिनिटं लागली. बिभीषणरावांनी घड्याळ लावून मोजली. आणि त्या तीन मिनिटांत बानाबाईंच्या हातातल्या फोनमध्ये काय झालं?

“अहो! हललं! चिलट हललं!”

कंट्रोलरचं डोकं सुरू झालं. आता चार पंचवीस. पाच दहाला पंचेचाळीस मिनिटं. एका मुठीला तीन मिनिटं, म्हणजे पंधरा मुठी. कुंडीत नऊ-दहा निघतील. बाकीचं काय?

“राखुंडी हाय,” बानाबाई म्हणाल्या. “पीठ हाय.”

“ज्वारीचं पीठ फेकायचं?”

“माझी पोर वर हाय अन् तुम्ही पिठाचं बघायलाय! सरका तिकडं!”

मग त्या दोघा म्हाताऱ्या माणसांनी त्या दुपारी जे केलं ते कुणी बघितलं असतं तर पोलिसांनाच बोलावलं असतं. बिभीषणराव मूठ फेकत आणि वेळ ओरडत, “चार चौतीस!” बानाबाई डबे आणून देत आणि वर शिव्या देत. त्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. मेंढपाळाच्या लेकी लांडग्याला देतात तशा होत्या. बाहेर खरखर जवळ येई, माती पडली की लांब जाई. प्रत्येक मुठीगणिक नकाशावरचं विमान स्पेनच्या अंगावरून थोडंथोडं सरकत होतं. वेगाचं गणित इथं बसत नव्हतं, पावणेदोन तास थांबलेलं विमान वेळेत पोचूच शकत नाही, हे बिभीषणरावांना कळत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते गणित सोडून दिलं.

चार अठ्ठावनला माती संपली. राखुंडी संपली. पिठाचा डबा आणायला बानाबाई आत वळल्या, आणि त्या सात-आठ सेकंदांत खरखर उंबऱ्याला येऊन टेकली. जाळीच्या पलीकडं, हातभर अंतरावर, ती उभी राहत होती. वळत होती.

बिभीषणरावांना आधी कान दिसला. कानात प्रांजलीचा तो छोटा मोती होता. मग गालाची कड दिसली. ती कड पुढं जिथं डोळा, नाक, ओठ व्हायला हवी तिथं नुसतीच मळलेल्या पिठासारखी सपाट होती, आणि हळूहळू काहीतरी होऊ बघत होती. बाकी सगळी आली होती, चेहरा अजून पोचायचा होता.

“थू!” बिभीषणराव ओरडले. “माझ्या पोरीचं तोंड घालून माझ्या दारात येतीस? वेळ बघ! तुझी वेळ झाली नाय!”

मागून बानाबाईंनी पिठाचा अख्खा डबा त्यांच्या खांद्यावरून जाळीवर उपडा केला. पांढरा धुरळा उडाला. दोघंही खोकू लागले. त्या धुरळ्यात खरखर मागं मागं गेली, आणि बिभीषणरावांनी लाकडी दार लावून त्याला पाठ टेकली.

६

पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेरचा आवाज बंद झाला. नकाशावरचं पिवळं विमान लिस्बनच्या ठिपक्यात जाऊन थांबलं आणि दिसेनासं झालं.

मेसेज आला: ‘पोचले.’

दोघांपैकी कुणीही हललं नाही. पाच चोवीसला फोन वाजला. बिभीषणरावांनी कानाला लावला आणि आधी नुसता गलका ऐकला. चाकांच्या बॅगा. कुणाचं तरी रडणारं लेकरू. वरून बाईच्या आवाजातली घोषणा, एक अक्षर न कळणारी. इतका गोड गोंधळ त्यांनी दिवाळीच्या गर्दीतही कधी ऐकला नव्हता.

“पप्पा? हॅलो? बोलत का नाही?”

बानाबाईंनी फोन हिसकावला. “जेवलीस का?”

“दोन सँडविच हाणले विमानात. तरी जाम भूक लागलीय. आई, तू रडायलीस का?”

“नाय गं. पीठ गेलं डोळ्यात.”

“आणि एक गंमत ऐक. उतरताना ती हवाई सुंदरी मला म्हणते, तुमची बहीण मघाशी उठून पुढं गेली, ती सापडली का? मी म्हटलं मी एकटीच आहे. तर माझ्याकडं अशी बघत राहिली... काही पण! चल, बॅग आली माझी.”

फोन ठेवल्यावर बिभीषणरावांनी दार उघडलं. जाळीच्या आतल्या अंगाला पीठ सांडलेलं होतं, उंबऱ्यावर मातीची एक ओळ होती. पलीकडं काहीच नव्हतं. एक कण नव्हता. जिना वरपासून खालपर्यंत धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ होता, कोपऱ्यातली कित्येक वर्षांची जळमटंसुद्धा गेली होती. गीताबाई खाली कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “कुणी झाडलं हो एवढं? अन् प्रांजली गेली व्हय लगेच? भेटली बी नाय.”

बानाबाई आत केरसुणी घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावर पीठ, केस विस्कटलेले. “आता झाडू का? आता तर खरी पोचली.”

बिभीषणरावांनी वही उघडली होती. आगमनाच्या रकान्यावर पेन टेकवलं होतं. मग त्यांनी पेनला टोपण लावलं.

“लिस्बनला पोचली,” ते म्हणाले. “आपल्या घरी कुठं पोचली अजून?”

७

त्या घरात पुढं तीन महिने केरसुणी फिरली नाही. नातेवाईक नाकाला रुमाल लावून जात, आणि बाहेर पडल्यावर बिभीषणला चळ लागला म्हणत. बिभीषणराव त्यांना चहा पाजत आणि टरफलं बाजूला सारून बसायला जागा करून देत. बानाबाईंनी दौलताबाद रस्त्यावरच्या नर्सरीतून काळ्या मातीचं पोतं आणवलं आणि ते दाराशी उभं केलं. पोरगी विमानात बसली की मधेच केव्हातरी वेळेआधीचा ‘पोचले’ येई. बिभीषणराव त्याला एकच उत्तर पाठवत: ‘वेळ झाली नाही.’ मग जिन्यात चाकं वाजत. मग माती. दोघांचाही हात आता चांगला बसला होता. प्रांजलीला यातलं काही सांगितलं नाही. ती फोनवर म्हणायची, आई, व्हिडिओत घर असं मळकट का दिसतं? बानाबाई म्हणायच्या, तुझा फोन पूस.

डिसेंबरात ती सुट्टीवर निघाली. लांबचं विमान, मग मुंबई, मग संध्याकाळचं, गावातल्या चिकलठाणा विमानतळावर उतरणारं. बिभीषणराव तिला आणायला निघाले तेव्हा बानाबाई म्हणाल्या, “जा तुम्ही. मी घरी थांबते.” आणि पोत्याचं तोंड सोडून बसल्या. पोरीला पहिल्यांदा बघायचा मान आईचा असतो. तो सोडून त्या बसल्या. बिभीषणरावांना गलबलून आलं. ते चपला घालून जिना उतरले.

विमान वेळेवर आलं. काचेच्या दारातून प्रांजली बाहेर आली, निम्मा वडापाव तोंडात, निम्मा हातात. बिभीषणरावांनी आधी तिचा चेहरा पाहिला. डोळे, नाक, ओठ, हनुवटीवरचा तीळ, सगळं नीट बघितलं. मग तिचा हात धरला.

“पप्पा, दुखतंय! किती घट्ट धरताय!”

तेव्हाच खिशातला फोन वाजला. बानाबाई होत्या. मागं ओळखीची खरखर स्वच्छ ऐकू येत होती, अगदी जवळ, नेहमीपेक्षा जोरात.

“आलीय,” बानाबाई म्हणाल्या. “म्हणती पप्पा खाली गाडी लावायलेत, दार उघड.”

“बाना, मी हिचा हात धरून विमानतळावर उभा हाय.”

“ठाव हाय की मला.”

“सात किलोमीटर हाय. पंचवीस मिनिटं लागतील. सिग्नल लागले तर तीस. आज लई जोरात झाडायलीय ती. मातीचं कसं—”

“तुम्ही तुमचं बघा,” बानाबाई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता, आणि त्या हसत होत्या. “सावकाश या. पोरीला वाटंत काहीतरी चांगलं खाऊ घाला. इथं अर्धं पोतं शिल्लक हाय, अन् मी चांगली ठणठणीत हाय. झाडून झाडून तिचेच हात झिजतील, माझे नाय.”